न मोजलेली मुले : सेरेब्रल पाल्सी, अपस्मार आणि दीडशे वर्षांच्या मोजणीचा इतिहास

(१)
६ फेब्रुवारी २०१३. ठिकाण पालघर. तेव्हा पालघर स्वतंत्र जिल्हा नव्हता, ठाणे जिल्ह्यातच होता. त्या दिवशी तेथून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ देशभर सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधायच्या ३० व्याधींची यादी त्यासोबत आली. त्या यादीत दोन ओळी होत्या : एक, मेंदूतील बिघाडामुळे येणारे हालचालींचे अपंगत्व, दुसरी, झटक्यांचे आजार. या दोन ओळी सरकारी यादीत येण्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा. 🧵

(२)
पहिल्या ओळीतील प्रमुख व्याधी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण पुसलीही जात नाही. स्नायू ताठर होतात, हालचालींवरचा ताबा सुटतो, बसणे, चालणे, बोलणे, गिळणे अवघड होते. दुसरी व्याधी अपस्मार. घराघरांत तिला फिट, आकडी, मिरगी, फेफरे अशी नावे आहेत. मेंदूतील विद्युत्प्रवाहात अचानक गोंधळ होतो आणि झटका येतो. असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार.

(३)
या दोन व्याधींचे नाते जवळचे आहे. मेंदूच्या ज्या जखमेमुळे हात-पाय आखडतात, तीच जखम पुष्कळदा झटक्यांचे उगमस्थान ठरते. जगभरच्या अभ्यासांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण एक-तृतीयांश किंवा त्याहून थोड्या अधिक मुलांना अपस्मारही असल्याचे आढळते. चंडीगडच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा ४५२ मुलांपैकी १६० जणांना, म्हणजे ३५.४ टक्क्यांना, अपस्मार होता. शरीराची एकच बाजू आखडलेल्या मुलांत हे प्रमाण सर्वाधिक होते. चारही अवयव आखडलेल्यांत त्याखालोखाल, आणि मुख्यतः दोन पाय आखडलेल्यांत सर्वांत कमी.

(४)
आता हाच हिशेब एका शहराला लावून पाहावा. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांची एकत्र बेरीज मांडणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासाने दर १००० मुलांमागे सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण २.९५ काढले. म्हणजे एक लाख मुलांमागे जवळजवळ ३००, आणि त्यांतील शंभरेक मुलांना अपस्मारही. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांजवळ पोचली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. एवढ्या शहरात अशी मुले शेकड्यांनी असणार, हे साध्या त्रैराशिकाने कळते. ती कोणत्या इमारतीत, कोणत्या चाळीत आहेत, हे मात्र त्रैराशिक सांगत नाही.

(५)
जनगणनाही सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले : दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर आणि बहुविध. सेरेब्रल पाल्सीचा वेगळा रकाना त्यांत नव्हता. अपस्माराचाही नव्हता. एकच मूल एका घरी ‘हालचाल’मध्ये, दुसऱ्या घरी ‘मतिमंद’मध्ये आणि तिसऱ्या घरी ‘बहुविध’मध्ये गेले असण्याची शक्यता उरते. ज्याला रकाना नाही, त्याची बेरीज होत नाही. या व्याधींच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. त्याची सुरुवात लंडनमध्ये होते.

(६)
विल्यम जॉन लिटल हा लंडनचा शल्यविशारद. बालपणीच्या आजारात त्याचे स्वतःचे पाऊल वाकडे झाले होते. जर्मनीत हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर या शल्यविशारदाने १८३६ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया केली आणि लिटल नीट चालू लागला. परतल्यावर त्याने वाकड्या हातापायांच्या मुलांसाठी लंडनमध्ये संस्था उभारली. तेथे त्याला एक वेगळाच गट दिसू लागला. या मुलांच्या पायांत मुळात दोष नव्हता. पाय ताठ होते, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढत होत्या, आणि आईला विचारले की बहुधा अवघड प्रसूतीची हकीकत निघत असे.

(७)
१८६१ मध्ये लिटलने लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत आपला निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताच श्वास कोंडणे यांचा मुलाच्या शरीर-मनावर होणारा परिणाम, असा त्याचा विषय होता. पुराव्यादाखल ४७ मुलांच्या नोंदी जोडल्या होत्या. या आजाराच्या मोजणीचा पहिला महत्त्वाचा टप्पा म्हणजे या ४७ नोंदी. पुढे कितीतरी वर्षे युरोपात तो ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला गेला.

(८)
लिटलच्या निबंधाने मोठे काम केले. ही मुले शापित नाहीत, त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे, हे त्याने ठामपणे मांडले. पण त्याच निबंधातून एक सोपे समीकरणही रूढ झाले : मूल असे झाले, म्हणजे बाळंतपणात काहीतरी बिघडले. पुढची शंभर वर्षे दोषाचे बोट सुईणीकडे, डॉक्टरकडे आणि सर्वांत जास्त आईकडे वळत राहिले. ४७ मुले ही मोजणीची सुरुवात होती. निवाड्यासाठी ती पुरेशी नव्हती.

(९)
अमेरिकेत विल्यम ऑस्लर याने १८८९ मध्ये १५१ मुलांच्या नोंदींवर आधारलेले पुस्तक काढले. त्याच सुमारास व्हिएन्नातील मुलांच्या एका संस्थेत तिशीतला एक मज्जातज्ज्ञ काम करत होता. त्याचे नाव सिग्मुंड फ्रॉइड. मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध होण्यापूर्वी फ्रॉइड बालकांच्या मेंदूजन्य पक्षाघाताचा युरोपातील अग्रगण्य अभ्यासक होता. १८९१ मध्ये ऑस्कर री या बालरोगतज्ज्ञासोबत आणि १८९७ मध्ये एकट्याने त्याने या विषयावर मोठे ग्रंथ लिहिले.

(१०)
फ्रॉइडने लिटलचे समीकरण उलटे करून पाहिले. अवघड प्रसूतीमुळे मेंदूला इजा होते हे काही वेळा खरे असेल, पण गर्भातच काही बिघडल्यामुळे प्रसूती अवघड होत असेल तर? मग अवघड प्रसूती हे कारण नसून आधीच्या बिघाडाचे लक्षण ठरते. या मुलांमध्ये बुद्धीच्या अडचणी, दृष्टिदोष आणि झटके वारंवार सोबत दिसतात, यावरही त्याने भर दिला. पक्षाघात दिसत नाही आणि केवळ झटके येतात, अशा काही मुलांचे मूळही याच गटात असावे, असा त्याचा तर्क होता. मात्र या शंकेला उत्तर देण्याएवढ्या नोंदी त्या काळी कोणाकडेच नव्हत्या.

(११)
रुग्णालयात आलेली मुले मोजली तर केवळ आलेलीच मुले कळतात. जी घरी राहिली, जी दगावली, जी किरकोळ त्रासाची म्हणून कोणी आणलीच नाहीत, ती गळतात. यावर उपाय म्हणजे एका प्रदेशात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. पश्चिम स्वीडनमध्ये बेंग्ट आणि गुड्रुन हागबर्ग यांनी १९५४ पासूनच्या जन्मांचा असा हिशेब ठेवला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९५६ पासूनच्या जन्मांची नोंद उभी राहिली. रोगाचे प्रमाण, कारणे आणि काळानुसार होणारे बदल समाजाच्या पातळीवर मोजण्याच्या या शास्त्राला रोगपरिस्थितिविज्ञान म्हणतात.

(१२)
या वह्यांनी अनपेक्षित गोष्टी सांगितल्या. स्वीडनमध्ये साठच्या दशकाअखेर आजाराचे प्रमाण उतरले, मग सत्तरच्या दशकात पुन्हा चढले. कारण काय? पूर्वी दगावणारी अपुऱ्या दिवसांची बाळे आता वाचू लागली होती आणि त्यांतील काहींच्या मेंदूला इजा राहत होती. वैद्यकाच्या यशाची ही दुसरी बाजू होती. नवजात बालकांची शुश्रूषा सुधारली तसे प्रमाण पुन्हा उतरले. अलीकडच्या गणनेत श्रीमंत देशांतील प्रमाण दर हजारी १.६ च्या आसपास आले आहे.

(१३)
काविळीची कथा याच काळातली. नवजात बाळाची तीव्र कावीळ मेंदूपर्यंत पोचली की हात-पाय वळवळणारी, ताबा सुटलेली सेरेब्रल पाल्सी होते. १९५६ मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्ड रुग्णालयातील परिचारिका जीन वॉर्ड हिच्या लक्षात आले की उन्हात ठेवलेल्या बाळांची त्वचा पिवळी राहत नाही. त्यातून १९५८ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार मांडला. बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपल्याकडची रीत आठवावी. तीव्र काविळीत मात्र घरचे ऊन पुरत नाही. तेथे रुग्णालयातला निळा दिवाच लागतो.

(१४)
फ्रॉइडच्या शंकेला उत्तर मिळायला १९८६ उजाडले. अमेरिकेत सुमारे ५४,००० गर्भधारणांचा मागोवा घेणारा प्रकल्प झाला होता. त्यात जन्मलेल्या मुलांपैकी १८९ जणांना सेरेब्रल पाल्सी निघाली. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी त्यांच्या नोंदी तपासल्या. जन्मावेळी श्वास कोंडल्याची खूण फक्त एक-पंचमांश मुलांत सापडली, आणि त्यांतील कित्येकांत अन्य जन्मजात दोषही होते. बाकी बहुसंख्य मुलांचे मूळ प्रसूतीच्या खोलीत सापडत नव्हते. एक शतकभर आयांवर आणि सुइणींवर ठेवलेला ठपका बऱ्याच अंशी निराधार होता, हे मोठ्या मोजणीनेच सिद्ध केले.

(१५)
मुंबईत या काळात काय घडत होते? परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये उभे राहिले. पण शहराच्या मनात लंगडणाऱ्या मुलासाठी एकच शब्द होता : पोलिओ. पोलिओ मज्जारज्जूतील पेशींवर घाव घालतो, त्यामुळे पाय लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीत घाव मेंदूवर असतो, त्यामुळे पाय बहुधा ताठरतो. लुळेपण आणि ताठरपण यांतला हा फरक तज्ज्ञाच्या हाताला सहज कळतो. शेजाऱ्यांना तो कळत नसे. आणि त्या मुलाला बोलताना अडखळताना पाहिले की दुसरा शिक्का बसे : वेडसर.

(१६)
हा शिक्का पुसण्याचा मोठा प्रयत्न मुंबईत १९७२ मध्ये झाला. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये कोलकात्यात जन्मली. तिला सेरेब्रल पाल्सी होती. मुलीसाठी शाळा मिळेना, म्हणून अलूर इंग्लंडला गेल्या, विशेष शिक्षण शिकल्या आणि परतून कुलाब्यात अवघ्या तीन मुलांवर एक केंद्र सुरू केले. तीच ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’. अभिनेत्री नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. एका बोटाने टंकलेखन करणाऱ्या मालिनी चिब यांनी पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्रही लिहिले.

(१७)
या केंद्राने आणखी एक गोष्ट साधली : मुले दिसू लागली. शाळा असते तेव्हा पालक मुलाला घराबाहेर आणतात. पण शाळेत येणारी मुले हा समाजाचा नमुना नव्हे. ज्यांना दिवसातून अनेकदा झटके येतात, ज्यांना कोणी उचलून आणणारे नाही, ती पुन्हा घरीच राहतात. शहरातील खरे प्रमाण जाणायचे, तर दारोदार जावे लागते. भारतात असे पहिल्या काळात जे थोडे प्रयत्न झाले, त्यांतील एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबईच्या पारशी वसाहतींत झाला. तो अपस्मारासह मज्जासंस्थेच्या आजारांचा शोध होता.

(१८)
पारशी समाजच का? संख्या मर्यादित, बहुतेक कुटुंबे बागांमध्ये म्हणजे वसाहतींमध्ये एकत्र राहणारी, आणि घरोघर उत्तरे देण्याइतकी साक्षर. १९८५ मध्ये नादिर भरूचा, एडी भरूचा आणि सहकाऱ्यांनी १४,०१० व्यक्तींची घरोघर पाहणी केली. अमेरिकेतील ब्रूस शोनबर्ग हे या अभ्यासात सहभागी होते. आयुष्यात कधीतरी अपस्मार झालेल्यांचे प्रमाण दर हजारी ४.७ निघाले, सध्या तो सुरू असलेल्यांचे ३.६. हे आकडे १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. ही पाहणी सर्व वयोगटांची होती. पण भारतीय शहरात अपस्मार घरोघर मोजता येतो, हे तिने दाखवून दिले.

(१९)
मोजणीला सर्वांत मोठा अडसर लपवाछपवीचा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार झटके येणे हे विवाह अवैध ठरवण्याचे एक कारण होते. कायद्यातच असे लिहिलेले असताना मुलीला फिट येते हे दारी आलेल्या पाहणी करणाऱ्याला कोण सांगणार? १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द त्या कलमातून वगळला. कायदा बदलला, सवय हळूहळू बदलते. झटका आला की नाकाशी चप्पल किंवा कांदा धरण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. त्याने झटका थांबत नाही. मुलाला कुशीवर वळवणे, तोंडात काहीही न घालणे, वेळ पाहणे आणि पाच मिनिटांहून अधिक चालल्यास तातडीने रुग्णालय गाठणे, हे खरे उपाय.

(२०)
अपस्मारावर औषध आहे, हे या इतिहासातील सर्वांत बोचणारे वास्तव. फेनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून झटक्यांवर वापरात आहे आणि अजूनही जगातील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे. कर्नाटकात येळंदूर येथे के. एस. मणी यांनी ग्रामीण रुग्णांवर साध्या, स्वस्त औषधांनी अपस्मार आटोक्यात ठेवता येतो हे दाखवले. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सेरेब्रल पाल्सीतील झटके अनेकदा अधिक हट्टी असतात, एका औषधाने भागत नाही. तरीही मेंदूची जखम भरता येत नसताना झटके कमी करता येतात. आवश्यकता असते ती मूल वेळेवर ओळखण्याची.

(२१)
आता शहर सोडून महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला जावे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’चे काम सुरू केले. बाळ जन्मते, रडत नाही, श्वास घेत नाही, आणि जवळ रुग्णालय नाही. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास काही मिनिटांत इजा होते, आणि अशा बाळांपैकी वाचलेल्या काहींच्या वाट्याला सेरेब्रल पाल्सी व अपस्मार येतो. पहिली काही मिनिटे कोणाच्या हातात असावीत, हा प्रश्न होता. बंगांचे उत्तर : गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या.

(२२)
१९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ घरोघर नवजात बाळे सांभाळू लागले. बाळ गुदमरले तर श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, ऊब कशी द्यायची, हे त्यांना शिकवले होते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आला. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची सरकारी नोंद किती अपुरी आहे हेही उघड केले. आधी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू वहीत आला, मग उपाय कितपत चालला हे सांगता आले.

(२३)
बाळ वाचले, पुढे काय? हा प्रश्न पुण्यातील केईएम रुग्णालयात विचारला गेला. १९८७ ते १९८९ या काळात विशेष कक्षातून घरी गेलेल्या, २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचा सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. घर बदलते, गाव बदलते, पालक कंटाळतात, तरीही वर्षानुवर्षे त्याच मुलांना पुन्हा तपासायला बोलावणे हे चिकाटीचे काम. केवळ ‘वाचली’ एवढ्या नोंदीवर न थांबता ती मुले कशी वाढली हेही त्या वह्यांत आले. भारतात असे दीर्घ अभ्यास फार थोडे आहेत.

(२४)
आपली मोजणी आपणच का करायची, याचे उत्तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही मिळते. जन्मावेळी गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवले तर मेंदूची इजा कमी होते, असे श्रीमंत देशांत सिद्ध झाले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर याची चाचणी झाली, शीव हे त्यांतील एक केंद्र. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : मृत्यू किंवा अपंगत्व घटले नाही, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. तिकडे उपयोगी पडलेला उपचार इकडे बाधक ठरला. परक्या आकड्यांवर विसंबून इथल्या बाळांचे उपचार ठरवता येत नाहीत.

(२५)
शास्त्राच्या व्याख्येतही बदल होत गेला. सेरेब्रल पाल्सी म्हणजे हालचाल आणि शरीरस्थितीचा विकार, एवढेच पूर्वीच्या व्याख्या सांगत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने त्यासोबत संवेदना, आकलन, संवाद, वर्तन यांच्या अडचणी आणि अपस्मार हे अनेकदा असतात, असे स्पष्ट नोंदवले. फ्रॉइडने १८९० च्या दशकात पाहिलेले व्याख्येत यायला शतक उलटले. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे : अस्थितज्ज्ञाकडे पाय दाखवायला आलेल्या मुलाला ‘झटके येतात का?’ हेही विचारले गेले पाहिजे.

(२६)
कायद्याची वाटचालही रकान्यांचीच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सेरेब्रल पाल्सीला हालचालींच्या अपंगत्वात बसवले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला नावानिशी स्थान दिले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून २१ केले आणि सेरेब्रल पाल्सी त्यांत आहे. अपस्मार मात्र त्या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे नाही. एकाच मुलाच्या दोन व्याधींपैकी एकीला प्रमाणपत्र आहे, दुसरी कागदावर येत नाही.

(२७)
घरोघर शोधले तर काय सापडते, हे गोव्याने दाखवले. देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. उत्तर गोवा हे त्यांतील एक ठिकाण. सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, श्रवणदोष, स्वमग्नता अशा मेंदूविकासाच्या विकारांपैकी किमान एक विकार सहा ते नऊ वयोगटातील १३.६ टक्के मुलांत निघाला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दर सात मुलांमागे एक. ही मुले कोठे तरी लपवलेली नव्हती. ती वर्गात, अंगणात, घरात होती. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

(२८)
शेजारच्या बांगलादेशाने २०१५ मध्ये ग्रामीण शाहजादपूर भागात नोंदवही उघडली. गावातल्या माणसांनाच ओळखीच्या खुणा शिकवून मुले शोधली. प्रमाण दर हजारी ३.४ निघाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट वयाची होती. निदान होईपर्यंत मुले सरासरी पाच वर्षांच्या आसपास पोचलेली होती. मेंदूची लवचिकता सर्वाधिक असते ती पहिल्या दोन वर्षांत. म्हणजे उपचारांचा सर्वोत्तम काळ ‘मोठा झाला की चालेल’ या आशेत निघून गेलेला होता.

(२९)
मोजणी अशक्य आहे, असे म्हणायला भारताला जागा नाही. पोलिओसाठी १९९७ पासून देशभर लुळेपणाच्या प्रत्येक संशयित मुलाची नोंद होऊ लागली. घराच्या दारावर खडूने खूण, बोटाला शाई, रेल्वे स्थानकावर बूथ. मीरा रोड आणि भाईंदरच्या फलाटांवरून गेलेल्या पिढीला ते चित्र आठवेल. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लुळा पाय मोजणारी यंत्रणा उभी राहिली होती. ताठ पाय त्या यंत्रणेच्या उद्देशात नव्हता.

(३०)
म्हणून २०१३ च्या पालघरचे महत्त्व. त्या कार्यक्रमात तपासणी पथके अंगणवाडीत आणि शाळेत जातात, संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मात्र कार्यक्रमाची भिस्त अंगणवाडी आणि सरकारी शाळा यांवर आहे. मीरा-भाईंदरसारखे शहर स्थलांतरितांचे. मिठागरे आणि खाडीच्या काठावर १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेले. भाड्याच्या घरात राहणारे, अंगणवाडीत न जाणारे, शाळेने प्रवेश न दिलेले मूल पथकाला कोठे भेटणार? आणि भेटलेच तर परळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जाण्यासाठी गर्दीच्या लोकलमध्ये पाच वर्षांचे मूल कडेवर घेऊन जाणारी बहुधा आईच असते.

(३१)
लिटलची ४७ मुले, ऑस्लरची १५१, नेल्सन-एलेनबर्गची १८९, पारशी वसाहतींतील १४,०१० माणसे, गडचिरोलीची ३९ गावे. प्रत्येक मोजणीने एक गैरसमज दूर केला : आधी शापाचा, मग आईच्या दोषाचा, मग ‘काही करता येत नाही’ याचा. या आकड्यांच्या मागे नेहमी एक साधा प्रश्न होता, दारात उभे राहून विचारलेला : घरात लहान मूल आहे का, ते वेळेवर मान धरू लागले का, त्याला कधी फिट आली का?

(३२)
पालघरच्या यादीतील त्या दोन ओळींचा अर्थ एवढाच की हा प्रश्न विचारणे आता सरकारचे काम आहे. मान न धरणारे चार महिन्यांचे बाळ, एकच हात वापरणारे सहा महिन्यांचे बाळ, दचकून पुन्हा पुन्हा वाकणारे अर्भक, या खुणा आजी-आजोबांनाही ओळखता येतात. शहरात अशी शेकडो मुले आहेत हे त्रैराशिक सांगते. त्यांतील प्रत्येकाचे नाव एखाद्या वहीत पाचव्या वर्षी येते की पाचव्या महिन्यात, यावर त्या मुलाचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते.

(धागा समाप्त)
#इतिहास #वैद्यकाचाइतिहास #महाराष्ट्र